दोन बहिणी, दोन टाचा, दोन इंजेक्शनं

पहाटे पावणेपाचला गजर वाजतो. पूर्वी मला तो वाजण्याआधीच जाग यायची. गेल्या वर्षी मात्र गजर बंद करून मी पलंगाच्या कडेला नुसती बसून राहायचे. जमिनीवर पहिलं पाऊल टाकायचीच भीती वाटायची. उजवी टाच टेकली की आत कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी कळ यायची. मग भिंतीला धरून, चवड्यावर चालत कसंबसं न्हाणीघर गाठायचं. दहा-पंधरा पावलांनंतर कळ थोडी बोथट व्हायची आणि वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला. पण दुपारी जेवून जरा टेकले आणि उठले की पुन्हा तेच.

मी नाशिकला घरून डबे देते. रोजचे तीस डबे म्हणजे सव्वाशेच्या आसपास पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात. भाजी चिरायला, भांड्यांना एक मावशी येतात, पण पोळ्या माझ्याच हातच्या. पहाटे पाच ते साडेदहा मी ओट्यापाशी उभी असते, तीही अनवाणी. आमच्या स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात देवघर आहे, त्यामुळे तिथे चप्पल घालून जायचा प्रश्नच नव्हता.

चार महिने मी ऐकीव उपाय केले. कुणी म्हणालं गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडव, कुणी म्हणालं कॅल्शियम कमी झालंय. सासूबाईंनी तर कुठून तरी वीट शोधून आणली, ती तापवली, वर रुईचं पान ठेवलं आणि माझी टाच त्यावर टेकवली. शेकून तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेजारच्या काकू खात्रीने म्हणाल्या, ‘‘तुझं टाचेचं हाड वाढलंय. ऑपरेशनशिवाय जायचं नाही.’’ त्या एका वाक्याने मी डॉक्टरकडे जायचं आणखी महिनाभर टाळलं.

शेवटी नवऱ्यानेच अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. डॉक्टरांनी टाचेच्या खाली, आतल्या बाजूला एका ठिकाणी अंगठ्याने दाबलं आणि मी ओरडलेच. एक्स-रेमध्ये खरोखरच हाडाला छोटंसं टोक आलेलं दिसत होतं. माझा चेहरा उतरलेला बघून ते म्हणाले, ‘‘असं टोक ज्यांची टाच कधीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्याही एक्स-रेत दिसतं. दुखतंय ते हाड नाही.’’

मग त्यांनी कागदावर पाऊल काढून दाखवलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो. धनुष्याची दोरी जशी कमान ताणून धरते, तसा तो तळव्याची कमान सांभाळतो. तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, कडक फरशीवर अनवाणी चालणं यांनी हा पट्टा टाचेजवळ झिजत जातो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून ती पहिली कळ. या दुखण्याचं नाव प्लांटार फॅशिआयटिस. सोनोग्राफीत माझ्या पट्ट्याची जाडी साडेपाच मिलिमीटरच्या पुढे होती, साधारणपणे ती चारच्या आत असते.

डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले, टाचेखाली ठेवायला सिलिकॉनची गादी दिली आणि घरातही मऊ चप्पल घालायला सांगितली. ‘‘बहुतेकांचं दुखणं साध्या उपायांनी वर्षभरात आटोक्यात येतं,’’ ते म्हणाले.

वर्षभर? माझ्या पुतणीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. बस्ता बांधायचा होता, केळवणं होती, घरात पाहुणे उतरणार होते आणि डबे बंद ठेवायची सोय नव्हती. महिनाभर डबे थांबले की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, ते परत येत नाही. मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, इंजेक्शन असतं ना याच्यावर? ते द्या.’’

त्यांनी लगेच सुई काढली नाही. आधी विचारलं, शुगर आहे का? मधुमेह असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते. मग धोके सांगितले. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. टाचेखाली चरबीची जी नैसर्गिक गादी असते, ती पातळ होऊ शकते. आणि क्वचित, विशेषतः पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेतली तर, तो पट्टाच तुटू शकतो. ‘‘यानं आराम पडेल, पण तो आराम उसना असेल. तेवढ्या काळात व्यायाम करून पाय तयार करायचा,’’ हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

सुई तळव्यातून नाही, टाचेच्या आतल्या बाजूने गेली. सोबत भूल असल्यामुळे घरी येईपर्यंत पाय हलका वाटला, संध्याकाळी भूल उतरल्यावर ठणका लागला. चौथ्या दिवशी पहाटे मी उठले, सवयीने भिंत धरली आणि थांबले. कळ आलीच नाही. मी ते पाऊल परत मागे घेऊन पुन्हा टाकून बघितलं. खरंच नव्हती.

त्यानंतरचे सहा आठवडे मी कशी वागले, ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं मी धरून चालले. बस्त्यासाठी दोन दिवस दुकानं पालथी घातली. लग्नात पैठणीवर शोभतील अशा पातळ तळाच्या चपला घातल्या आणि मांडवात त्याही काढून अनवाणी फिरले. व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला होता, त्यावर डब्यांच्या हिशोबाचे कागद चढत गेले. लग्न छान झालं. दहाव्या आठवड्यात, एका सोमवारी पहाटे, दाभण परत आलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचीही टाच दुखत होती. ती बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चाळिशी ओलांडल्यावर तिला धावण्याचं वेड लागलं आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करता करता डावी टाच धरली. आम्ही रोज रात्री फोनवर एकमेकींच्या टाचांची विचारपूस करायचो. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो, त्याच सुरात.

तिने आठ महिने व्यायाम केले, बूट बदलले, तरी गुण येईना. तिच्या डॉक्टरांनी पीआरपी सुचवलं. यात आपल्याच दंडातून रक्त काढतात, यंत्रात वेगाने फिरवून त्यातला प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका जास्त असलेला भाग वेगळा करतात आणि तो टाचेत सोडतात. जखम भरून काढताना शरीर ज्या गोष्टी वापरतं, त्या झिजलेल्या जागी नेऊन ठेवायच्या, अशी त्यामागची कल्पना.

‘‘ताई, माझं तर उलटंच झालं,’’ ती म्हणाली. ‘‘तुला चार दिवसांत बरं वाटलं, मला पहिला आठवडा पाय टेकवत नव्हता.’’ वर तिला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घ्यायला मनाई होती, कारण त्या गोळ्या सूज दाबतात आणि इथे तर शरीराचं भरून काढायचं काम सुरू व्हायला हवं असतं. पहिले तीन आठवडे तिने धावणं सोडाच, लांब चालणंही बंद ठेवलं. घरून काम केलं, जेवण बाहेरून मागवलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून फरक पडू लागला. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, ‘‘सकाळी उठल्यावर टाचेची आठवणच राहिली नाही.’’ त्याच सुमारास मी पुन्हा भिंत धरून चालत होते.

साहजिकच मला वाटलं, मी चुकीचं इंजेक्शन घेतलं. पण माझी बहीण आकड्यांतली. ती म्हणाली, ‘‘दोन टाचांवरून काही सिद्ध होत नाही, ताई. मी वाचून सांगते.’’

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ८२ रुग्णांपैकी काहींना सोनोग्राफीत बघून स्टेरॉइड दिलं आणि काहींना नुसतं सलाइनचं पाणी. चार आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. आठ आणि बारा आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक उरला नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ११५ रुग्णांवर स्टेरॉइड आणि पीआरपीची तुलना केली. स्टेरॉइडवाले पटकन सुधारले आणि तिथेच थांबले. पीआरपीवाले सावकाश सुधारत गेले आणि वर्ष संपताना त्यांचं दुखणं अधिक कमी होतं.

‘‘म्हणजे पीआरपीच चांगलं,’’ मी म्हटलं.

‘‘इतकं सरळ नाही,’’ ती म्हणाली. पीआरपी तयार करायची पद्धत सगळीकडे सारखी नसते. रक्त किती घेतात, किती फिरवतात, त्यात प्लेटलेट किती येतात, हे बदलतं. त्यामुळे काही अभ्यासांत मोठा फायदा दिसतो, काहींत फारसा दिसत नाही. शिवाय अशा इंजेक्शनांत बोटॉक्स आहे, ग्लुकोजचं दाट द्रावण आहे, पण त्यांवरचे अभ्यास आणखी छोटे आहेत. इंजेक्शनच नको असेल तर ध्वनिलहरींचे धक्के देणारी शॉकवेव्ह नावाची उपचारपद्धतीही आहे.

मग तिने तो अभ्यास सांगितला ज्याने मी गप्प झाले. २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना टाचेखाली गादी दिली. एका गटाने फक्त तळवा ताणायचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पायरीच्या कडेवर उभं राहून, टाच सावकाश वर-खाली करायचा ताकदीचा व्यायाम एक दिवसाआड केला. तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखे झाले. हा व्यायाम माझ्या फ्रिजवरच्या कागदावर होता. चौथ्या क्रमांकावर. हिशोबाच्या कागदांखाली.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, बहुधा त्यांना सवय असावी. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. दुसरं स्टेरॉइड देता येईल, पण त्यांचा कल नव्हता, कारण पहिल्याचा फायदा टिकलेला नसताना धोका मात्र वाढणार होता. दुसरी वाट पीआरपीची. तिसरी वाट म्हणजे बारा आठवडे व्यायाम आणि चप्पल हे दोन्ही मनापासून करायचं आणि मग ठरवायचं.

मी घरी येऊन हिशोब मांडला. माझ्या स्टेरॉइडला सगळे मिळून अठराशे रुपये लागले होते, बहिणीच्या पीआरपीला चौदा हजार. तिच्या विमा कंपनीने दवाखान्यात दाखल न होता घेतलेलं इंजेक्शन म्हणून पैसे नाकारले होते, तेव्हा घेण्याआधी हे विचारून ठेवलेलं बरं. पण खरा फरक पैशांत नव्हता. पीआरपीनंतर तीन आठवडे पायाला विश्रांती द्यावी लागते. बहिणीला ती मिळाली, कारण ती खुर्चीत बसून कमावते. मी उभी राहून कमावते. ती विश्रांती मला मिळणार नसेल, तर चौदा हजार खर्चून मी पुन्हा तेच करणार होते, जे अठराशे खर्चून केलं.

तेव्हा मला उमगलं की दोन इंजेक्शनांमधला खरा फरक वेळेचा आहे. स्टेरॉइड वेळ उसना देतं, पीआरपी वेळ मागतं. उसन्या वेळात काय करायचं आणि मागितलेला वेळ कुठून आणायचा, हे मात्र सुई ठरवत नाही. ते घर ठरवतं.

म्हणून रात्री जेवताना मी विषय काढला. पोळ्यांसाठी आणखी एक बाई ठेवायची आणि डब्यामागे पाच रुपये वाढवायचे, हे ठरलं. नवऱ्याने ओट्यापाशी बसता येईल असं उंच स्टूल आणायचं कबूल केलं. मुलगा म्हणाला, वरण-भाताचे कुकर मी लावून कॉलेजला जाईन. हे सगळं आधीही करता आलं असतं. मी कधी मागितलंच नव्हतं, आणि पाय लंगडत असूनही पोळ्या वेळेवर होत होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग मी चपलेचं काढलं. ‘‘आई, डॉक्टर म्हणालेत, घरातही अनवाणी चालायचं नाही.’’

सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताट उचलून उठल्या. त्यांचं गप्प राहणं म्हणजे नकार, हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

दोन-तीन दिवसांनी पहाटे मी खोलीबाहेर आले, तर बोळात सासूबाई भिंतीला धरून, चवड्यावर पाऊल टाकत निघाल्या होत्या. ती चाल मी कुठेही ओळखली असती. ‘‘आई, कधीपासून दुखतंय?’’

‘‘झाली असतील दहा-बारा वर्षं. येतं आणि जातं. त्याचं काय एवढं.’’

ती वीट त्यांनी माझ्यासाठी शोधून आणलेली नव्हती. ती त्यांचीच होती.

मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत, हे कळल्यावर डॉक्टरांनी आधी त्यांच्या तळव्यांना दोऱ्यासारखं काहीतरी टेकवून ‘कळतंय का’ म्हणून विचारलं. डाव्या तळव्यावर दोन ठिकाणी त्यांना कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, तुमच्यासाठी स्टेरॉइडचा विचार मी आधी करणार नाही. साखर वाढेल. तुमच्यासाठी व्यायाम. विटेचा शेक बंद करा, कारण भाजलं तरी तुम्हाला कळायचं नाही. आणि अनवाणी मुळीच चालायचं नाही. घरातही नाही. काही टोचलं, चिरलं, तरी तुम्हाला समजणार नाही, आणि मधुमेहात पायाची जखम लवकर भरत नाही.’’

परतताना रिक्षात त्या गप्पच होत्या. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘दोन जोड आण. धुता येतील अशा. बाहेर न्यायच्या नाहीत.’’ त्या चपला आल्यावर त्यांनीच नियम केला, ओट्यापाशी घालायच्या, देवघरापुढे जाताना काढून पाय पुसायचे. वीट बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली गेली.

बारा आठवडे झाले, तेव्हा माझं दुखणं पूर्ण गेलेलं नव्हतं. पण भिंत सुटली होती. डॉक्टरांनी विचारलं, पीआरपी घ्यायचं का? मी म्हटलं, अजून तीन महिने बघू या. त्यांनाही ते पटलं. आज सहा महिने झालेत. फार उभं राहिलं तर संध्याकाळी टाच कुरकुरते, सकाळचं दाभण मात्र नाही. पुन्हा बिघडलं तर पीआरपीचा मार्ग मोकळा आहे आणि त्यासाठी मी थोडे पैसे बाजूला ठेवते. बहीण पुन्हा धावू लागली आहे. तीही आता टॉवेल गुंडाळून पायरीवर उभी राहते.

स्टेरॉइड घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्यामुळे पुतणीच्या लग्नात मी हसत उभी राहू शकले. पश्चात्ताप आहे तो नंतरच्या सहा आठवड्यांचा. तुमच्यावर इंजेक्शन घ्यायची वेळ आलीच, तर कोणतं घेऊ याबरोबर डॉक्टरांना आणखी चार गोष्टी विचारा. आधीचे उपाय मी नीट आणि पुरेसा काळ केलेत का? फायदा कधी दिसेल आणि साधारण किती टिकेल? मला असलेल्या मधुमेहासारख्या आजारात किंवा चालू असलेल्या औषधांत ते चालेल का? आणि इंजेक्शननंतरच्या महिन्यात मी काय करायचं, काय टाळायचं? त्या महिन्याची तजवीज घरात झाली, की मगच तारीख ठरवा.

पहाटे पावणेपाचला गजर वाजतो. मी अजूनही पलंगाच्या कडेला बसून राहते, पण आता पायाची बोटं हाताने मागे ओढून दहा अंक मोजायला. असं दहा वेळा. मग चपलेत पाय घालून उठते. शेजारच्या खोलीतून सासूबाईंचं मोजणं ऐकू येतं. त्या मुद्दाम सावकाश मोजतात आणि आठावर आल्या की थांबून मला विचारतात, ‘‘तुझं झालं का गं?’’